ऑफिसच्या प्रिंटआउटवरून निनावी तक्रारदार सापडतो का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कामाला आहात. कर्जवाटपात गडबड आहे असं तुम्हाला दिसलंय आणि तीन गोष्टी तुमच्याकडे आहेत: ऑफिसच्या कलर लेझर प्रिंटरवर काढलेली काही पानं, एक वर्ड फाइल आणि ठरावाच्या रजिस्टरचे मोबाइलवर काढलेले फोटो. हे सगळं नाव न देता सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे पाठवायचंय. कुणीतरी सांगितलं की कलर प्रिंटर कागदावर न दिसणारे ठिपके टाकतो आणि त्यावरून माणूस सापडतो. हे खरं का, ठिपके घालवता येतात का, आणि वकिलाला सांगितलेलं बाहेर जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

ठिपके खरे आहेत. पण तुमची अडचण ती नाही. तुम्हाला नाव लपवायचंय आणि पुरावाही द्यायचाय, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात. कागदावरची जी खूण तुमच्यापर्यंत पोहोचवते, तीच खूण तो कागद खरा असल्याचं सांगते. खूण पुसली की कागदाचा कसही उतरतो. म्हणून आधी यातलं काय जास्त महत्त्वाचं ते ठरवा. बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

ठिपक्यांपासून सुरुवात करू. नोटांच्या बनावट छपाईला आळा बसावा म्हणून १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीनं (आपण फोटोकॉपीला म्हणतो ते झेरॉक्स नव्हे, खरीखुरी कंपनी) ही पद्धत आणली. कलर लेझर प्रिंटर पानभर फिकट पिवळे ठिपके छापतो. ठिपका साधारण ०.१ मिलिमीटरचा, आणि तीच नक्षी पानावर पुन्हापुन्हा, कोऱ्या जागेतसुद्धा. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेनं झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतल्या प्रिंटरची नक्षी उलगडून दाखवली: १५ उभ्या रांगा, ८ आडव्या, आणि त्यात छपाईची तारीख, तास-मिनिटं आणि प्रिंटरचा अनुक्रमांक. बघायचं असेल तर अंधाऱ्या खोलीत निळा एलईडी आणि दहापट भिंग घ्या. निळ्या उजेडात पिवळा रंग काळपट दिसतो. किंवा ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन करून फोटो सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळा चॅनल बघा. दिसले नाहीत म्हणजे खूण नाहीच, असं मात्र धरू नका. खुणेच्या दुसऱ्या पद्धतीही असू शकतात.

निव्वळ काळ्या टोनरच्या लेझर प्रिंटरमध्ये पिवळा टोनरच नसतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. रंगीत पानाची काळी-पांढरी फोटोकॉपी काढली तर फिकट पिवळा बहुधा उमटत नाही. स्कॅन करताना ‘ग्रेस्केल’ऐवजी निव्वळ काळा-पांढरा पर्याय घेतला तर आणखी खात्रीनं जातो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये असे ठिपके वाचणारं आणि स्कॅनमधून झाकणारं मोफत साधनही आणलं.

पण ठिपके वाचून प्रिंटर कळतो, माणूस कळत नाही. अनुक्रमांकावरून कंपनी, कंपनीवरून विक्रेता, विक्रेत्याकडून गिऱ्हाईक, अशी साखळी पोलीस किंवा न्यायालय लावू शकतं. तुमच्या संस्थेच्या चेअरमनना ती लावायची गरजच नाही. प्रिंटर त्यांचाच आहे, आणि तो कुणी वापरला याची नोंद त्यांच्याकडे दुसऱ्या वाटेनं असते.

अमेरिकेतलं २०१७ चं रिॲलिटी विनर (हे गुप्त अहवाल फोडणाऱ्या महिलेचं नाव) प्रकरण याच कारणासाठी बघण्यासारखं आहे. गुप्त अहवालाची प्रत माध्यमात छापून आली, आणि बाहेरच्या अभ्यासकांनी त्या प्रतीवरचे ठिपके वाचून छपाईची तारीख-वेळ काढली. जगभर चर्चा झाली ती ठिपक्यांची. तपास यंत्रणेच्या शपथपत्रात मात्र वेगळंच होतं: तो अहवाल कोणी कोणी छापला याची अंतर्गत नोंद तपासली, सहा जण निघाले, आणि त्या सहांतल्या एकीच्याच ऑफिसच्या संगणकावरून त्या माध्यमाशी ईमेल झाला होता. सहा नावांची यादी पुरली.

तुमच्या पतसंस्थेत ती यादी कदाचित सहाचीही नसेल. म्हणून प्रिंटआउट हातात घेऊन ठिपक्यांच्या आधी हे बघा. कोअर बँकिंग सॉफ्टवेअरमधून काढलेल्या रिपोर्टच्या अगदी तळाला किंवा उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात युजर आयडी, तारीख आणि वेळ छापलेली असते. भिंग लागत नाही, साध्या डोळ्यांनी दिसते, आणि तरीही ती ओळ तशीच ठेवून कागद पाठवले जातात. ती कापली तरी सॉफ्टवेअरच्या आत कोणत्या आयडीनं कोणता रिपोर्ट कधी उघडला याची नोंद राहतेच. ऑफिसच्या मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये स्वतःची कामांची यादी असते: फाइलचं नाव, संगणकाचं नाव, वेळ. काहींमध्ये हार्डडिस्क असते आणि तीत छापलेल्या पानाची प्रतिमाही काही काळ राहू शकते. विंडोजमध्ये छपाईची नोंद ठेवायची सोय आहे. ती मुळात बंद असते, पण ज्यानं चालू केलीय तो तुम्हाला येऊन सांगणार नाही. वर सीसीटीव्ही.

आता वर्ड फाइल. डॉक्सएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप पेटी असते. तिचं नाव बदलून शेवटी झिप केलं की आतले कप्पे उघडतात. त्यात फाइल पहिल्यांदा कुणी तयार केली, शेवटची कुणी सेव्ह केली, कोणत्या तारखेला, किती वेळा, एकूण किती मिनिटं त्यावर काम झालं आणि वर्ड कोणत्या संस्थेच्या नावानं नोंदवलेलं आहे, हे सगळं लिहिलेलं सापडतं. शिवाय पुसलेला मजकूर ‘ट्रॅक चेंजेस’मध्ये आणि कॉमेंटमध्ये जिवंत राहू शकतो. वर्डमध्ये चित्र कापलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच असतो. ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जाऊन कापलेले भाग काढा असं सांगितल्याशिवाय तो जात नाही. २००५ मध्ये अमेरिकेतला बीटीके नावानं कुप्रसिद्ध असलेला खुनी सापडला तो त्यानं पोलिसांना पाठवलेल्या फ्लॉपीवरच्या अशाच नोंदीमुळे: चर्चचं नाव आणि ‘डेनिस’ हे पहिलं नाव त्यात होतं.

साफ करायचं तर आधी फाइलची प्रत काढा, आणि फक्त प्रतीवर काम करा: फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट, मग जे सापडेल ते ‘रिमूव्ह ऑल’. मूळ फाइलवर हे कधीही करू नका, काढलेल्या काही गोष्टी परत येत नाहीत. पीडीएफ केली म्हणजे सुटलो असंही नाही. लेखकाचं नाव आणि मूळ फाइलचं शीर्षक पीडीएफमध्ये सरळ उतरू शकतं. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये ते दिसतं. त्याच खिडकीत फाँटची यादीही असते, आणि मराठी माणसानं ती जरूर बघावी. आपल्याकडे अजून कितीतरी संस्थांमध्ये श्रीलिपीचे फाँट चालतात, त्यातही प्रत्येकाचा आवडता एखादा. संस्थेत त्या फाँटवर टाइप करणारा एकच माणूस असेल तर पीडीएफवर तुमची सही झाल्यासारखंच आहे. फाँट कशाकशाची साक्ष देतो हे २०१७ मध्ये पाकिस्तानात दिसलं. नवाझ शरीफ कुटुंबाच्या चौकशीत २००६ च्या तारखेचा दस्त कॅलिब्री फाँटमध्ये निघाला, आणि तो फाँट सर्वसामान्यांच्या हाती २००७ मध्ये आला होता.

काळ्या पट्ट्यांबद्दल. कर्जदारांची नावं, आधार क्रमांक, खाते क्रमांक झाकायचे असतील (आणि झाकायलाच हवेत, त्यांचा यात दोष नाही) तर वर्डमध्ये काळा हायलाइट किंवा पीडीएफवर काळा चौकोन टाकून भागत नाही. खालचा मजकूर तसाच असतो. निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये टाका, बाहेर येतो. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनाफोर्टच्या (ट्रम्प यांचा एकेकाळचा प्रचारप्रमुख) वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदात हीच चूक झाली. वकिलांकडून होते, तर तुमच्याकडून होणं अशक्य नाही. साधा उपाय: छापील पानावर जाड अपारदर्शक कागदाची पट्टी चिकटवा आणि त्याची फोटोकॉपी काढा. मार्कर पेन चालत नाही, उजेडात धरल्यावर अक्षरं दिसतात.

फोटोंचा मामला उलटसुलट आहे. मोबाइलच्या मूळ फोटोत फोनचं मॉडेल, तारीख, वेळ आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की सगळी जशीच्या तशी जाते. पण माहिती गळली तरी चित्रात काय आहे ते राहतंच: टेबलाची काच, तुमचा अंगठा, बाजूला ठेवलेला डबा, रजिस्टर ज्या दिवशी तुमच्याच टेबलावर होतं त्या दिवशीची उघडी पानं.

आणखी एक सापळा आहे, जो कोणत्याही सॉफ्टवेअरनं निघत नाही. शंका आलेला व्यवस्थापक एकच परिपत्रक पाच जणांना पाच किंचित वेगळ्या रूपांत देऊ शकतो. एकात ‘रु.’, दुसऱ्यात ‘रुपये’. एकात दोन शब्दांत दुहेरी जागा, एकात स्वल्पविराम नाही. कुठली प्रत बाहेर गेली त्यावरून माणूस कळतो. तुमच्याकडे दुसऱ्याची प्रत नसेल तर हा फरक तुम्हाला ओळखताच येणार नाही. त्यावर उपाय एकच, प्रत पाठवायचीच नाही.

कायद्याकडे वळतो, कारण इथे लोकांचा अंदाज चुकतो. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यामुळे ‘मालकानं माझा माग काढणं बेकायदा’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चं कलम ७ बघा. नोकरीच्या कारणासाठी, आणि मालकाचं नुकसान किंवा दायित्व टाळण्यासाठी, कर्मचाऱ्याचा डेटा संमतीशिवाय वापरायला त्यात वाव ठेवलाय. गोपनीय माहिती राखणं हे त्याचं एक उदाहरण म्हणून तिथे लिहिलेलंच आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणाऱ्या आहेत. तेव्हा संस्थेनं स्वतःच्या प्रिंटरची, स्वतःच्या फाइलची नोंद ठेवली म्हणून तिला कोर्टात खेचता येईल, या आशेवर राहू नका.

उलट बाजूही आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवून घेणं नुकसानभरपाईला पात्र आहे, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गैरव्यवहार उघड करण्याचा हेतू अप्रामाणिक नसतो, हा तुमचा बचाव चांगला आहे. पण तो बचाव आहे, कवच नाही. तुमच्या कामाचाच भाग म्हणून हाताखालून गेलेला कागद आणि दुसऱ्याच्या आयडीनं लॉगिन करून पेनड्राइव्हवर उतरवलेली यादी, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचं काही असेल तर कुणालाही पाठवण्याआधी वकिलाला सांगा. नियमबाह्य मार्गानं आलेला पुरावा केवळ त्या कारणानं आपल्याकडे बाद होत नाही, हे १९७० च्या दशकापासून ठरलेलं आहे. म्हणजे पुरावा वाचेल, तुम्ही वाचालच असं नाही.

जागल्या (गैरव्यवहार उघड करणारा, म्हणजे व्हिसलब्लोअर) संरक्षणाचा २०१४ चा कायदा संसदेनं मंजूर केला, पण तो अंमलात आणलेला नाही. त्यातही निनावी तक्रारीला जागा नव्हतीच. नाव-पत्ता नसलेला अर्ज दप्तरी दाखल होण्याची भीती सगळीकडे असते, उपनिबंधक कार्यालयातही.

मग करायचं काय? माझा सल्ला असा की कागद पाठवू नका, कागद कुठे आहे ते सांगा. पतसंस्थेचं रजिस्टर संस्थेतच आहे. ‘अमुक तारखेच्या संचालक मंडळ सभेतला अमुक क्रमांकाचा ठराव, त्याखाली मंजूर झालेली अमुक चार कर्जखाती, तारण मूल्यांकनाचे कागद फाइलला नाहीत’ एवढं नेमकं लिहिलं तर निबंधकांच्या माणसाला तासाभरात सापडतं, आणि त्यांनी जागेवर ताब्यात घेतलेलं मूळ रजिस्टर तुमच्या फोटोपेक्षा कितीतरी भक्कम पुरावा ठरतं. कागद, फाइल, फोटो काहीच पाठवलं नाही म्हणजे ठिपके नाहीत, फाँट नाही, अंगठा नाही. हे लिहिताना फक्त तुम्हालाच माहीत असलेला तपशील वगळा. किमान चार-पाच जणांना ठाऊक असलेलाच निवडा. मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा लिहून घ्या, कारण छोट्या ऑफिसात भाषा ओळखू येते. तुम्ही नेहमी ‘सदरहू’ लिहिता आणि बाकी कुणी लिहीत नाही, एवढ्यावर माणूस सापडतो.

याहून बरा मार्ग म्हणजे तक्रार एखाद्या सभासदानं स्वतःच्या नावानं करणं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि समिती सभेची इतिवृत्तं, आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी बघता येतात. त्यानं रीतसर मागितलेल्या प्रतीवर तुमची कुठलीच खूण नसते. कलम ८३ खाली निबंधक स्वतःहून चौकशी लावू शकतात. एक पंचमांश सभासदांनी अर्ज केला तर लावावीच लागते. पतसंस्था ही बँक नव्हे, म्हणून रिझर्व्ह बँकेला लिहून वेळ घालवू नका. अर्थात सभासद विश्वासाचा हवा. सकाळी शाहूपुरीत बोललेलं संध्याकाळी रंकाळ्यावर ऐकू येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तरीही तुम्हाला पुरावा म्हणून फोटो आणि फाइल जपायची असेल, आणि पुढे नाव जाहीर करायची तयारी असेल, तर नियम उलटे होतात. तेव्हा काहीच साफ करू नका. फोटो काढलेला फोन विकू नका, रीसेट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ नोंद सादर करणाऱ्यानं भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. हे प्रमाणपत्र टाळता येत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब बद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात पक्कं केलं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं तरी बदलतो. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला फोटो पुन्हा दाबला गेलेला असतो, त्याचा ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. म्हणून मूळ फाइल केबलनं कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढा (विंडोजमध्ये ती सोय असतेच, वेगळं सॉफ्टवेअर नको), तो कागदावर तारखेसह लिहा आणि पेनड्राइव्ह पाकिटात बंद करा. एकदा चौकशी सुरू झाली की काहीही नष्ट करू नका. न्यायालयासमोर येऊ नये म्हणून दस्त किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. तो संचालकांना लागू आहे तसा तुम्हालाही.

वकिलाला सांगितलेलं बाहेर जाईल का, हेही तुम्ही विचारलंय. साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण तुमच्या बोलण्याला आहे. बेकायदा कामासाठी घेतलेल्या सल्ल्याला नाही. वकिलांना चौकशीला बोलावण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानंतर तपास अधिकारी अपवाद वगळता वकिलाला पक्षकाराबद्दल समन्स काढू शकत नाही. मात्र हे कवच संवादाचं आहे. मूळ कागद वकिलाच्या कपाटात ठेवला म्हणून तो अदृश्य होत नाही. त्यामुळे वकिलाच्या पहिल्या भेटीला कागद नेऊ नका, फोनवर फोटो पाठवू नका. एका कोऱ्या पानावर पेन्सिलीनं तारखा, ठराव क्रमांक आणि ‘हे मला कसं कळलं’ एवढं लिहून न्या. फी ठरण्याआधीच्या सल्ल्यालाही गोपनीयता लागू असते, संकोच नको.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दलही एक गोष्ट. बिंदू चौकात असो नाहीतर राजारामपुरीत, हल्ली दुकानदार फाइल स्वतःच्या व्हॉट्सॲप नंबरवर मागवून घेतात. तिथे तुमचा नंबर, नाव, डीपी आणि फाइल एका ओळीत महिनोन्‌महिने पडून राहते. तक्रार अर्ज छापायचा तर त्या मार्गानं नको.

बाकी सावकाश ठरवा, पण आज एवढं बघा: तुमच्या फोनवर ऑफिसचा मेल आयडी जोडलेला आहे का, आणि असेल तर गुगल फोटोजचा बॅकअप कोणत्या आयडीवर जातोय. तो ऑफिसच्या आयडीवर जात असेल तर बॅकअप लगेच थांबवा. तिथे गेलेलं काही पुसायचं की नाही, ते मात्र वकिलाला विचारूनच.